सतरा दिवसांची गोष्ट

गेल्या दिवाळीत आमच्या अंगणातली रांगोळी माझ्या हातची नव्हती. सांगायला तशी क्षुल्लक गोष्ट. पण मी पडले चित्रकलेची शिक्षिका. लग्न होऊन या घरात आल्यापासून नरकचतुर्दशीची रांगोळी माझी, हा अलिखित करार. त्या पहाटे मी नेहमीप्रमाणे सडा घातला, रांगोळीचा डबा घेतला, उकिडवी बसायला गेले आणि उजव्या गुडघ्याच्या वाटीमागून अशी कळ निघाली की डबा हातातून सुटला आणि ठिपक्यांऐवजी रांगोळीचा ढीगच सारवणावर पडला. सासूबाई दारात पणती घेऊन उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "धाव आता आणखी घाटात!"

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. साताऱ्यात आमच्या घरापासून यवतेश्वरचा घाट जवळ. चाळिशी जवळ आली तेव्हा मी सकाळी फिरायला जाऊ लागले. फिरता फिरता चालीने जोर धरला आणि एक दिवस माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीच्या नादाने मी धावू लागले. पहाटेच्या अंधारात घाट चढायचा आणि उजाडताना वाऱ्याबरोबर खाली उतरायचे, यासारखे सुख नाही. चढताना जीव मेटाकुटीला येतो, उतरताना पंख फुटतात. पण हिशेब उलटा असतो, हे पुढे कळले. चढण दम काढते, उतरण गुडघा काढते. उतारावर प्रत्येक पावलाला शरीराचा भार अडवून धरण्याचे काम मांडीच्या पुढच्या स्नायूला करावे लागते आणि तो ताण गुडघ्याच्या वाटीवर येतो.

आधी उतरताना दुखायचे. मग जिना उतरताना दुखू लागले. मग शाळेत तासभर खुर्चीवर बसून उठताना दुखू लागले. चिवट पाहुण्यासारखे हे दुखणे. जाते म्हणता म्हणता पुन्हा ओसरीवर येऊन बसायचे. तीन महिने मी हे घरात कोणाला कळू दिले नाही. पहाटे लंगडत निघायचे, अंग तापले की दुखणे विसरायचे आणि परत आल्यावर बर्फाचा खडा रुमालात गुंडाळून न्हाणीघरात लपून शेकायचे. चोरी करणाऱ्यालासुद्धा एवढी खबरदारी घ्यावी लागत नसेल.

आता मी असे का केले? याचे उत्तर देण्यासाठी मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही गोष्ट मी शाळेत कितीतरी वर्षे सांगत आले आहे आणि आज छापील पानावर कबूल करते, की ती मी चुकीची सांगत आले आहे.

दरवर्षी क्रीडास्पर्धांच्या आधीच्या आठवड्यात मी वर्गात जोन बेनॉइटची गोष्ट सांगत असे. ती अशी: अमेरिकेतील एक सडपातळ मुलगी. १९८४ साली ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन शर्यत पहिल्यांदाच व्हायची होती. तिच्यासाठी निवड-शर्यत १२ मे रोजी. आणि २५ एप्रिलला या मुलीच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया! मध्ये फक्त सतरा दिवस! येथे मी थांबत असे. पोरे श्वास रोखून बसत. मग मी म्हणे, "ती धावली. नुसती धावली नाही, पहिली आली. आणि पुढे ऑलिंपिकचे सोनेही तिनेच नेले." टाळ्या पडत. मग मी रंगीत खडूने फळ्यावर लिहीत असे, 'जिद्दीपुढे गुडघा काय!'

मी कादंबऱ्या लिहिते. उत्कंठा कुठे ताणावी आणि कंटाळवाणा भाग कुठे कापावा, हे मला कळते. या गोष्टीतला कंटाळवाणा भाग मी मोठ्या सफाईने कापून टाकला होता.

चार वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. गावाबाहेरच्या वाडीतून शाळेत यायची, बहुधा धावतच. पंधराशे मीटरमध्ये तिच्या जवळपास कोणी नसे. त्या वर्षी पावसाळ्यापासून तिचा गुडघा दुखत होता. तिने घरी सांगितले नाही, खेळाच्या सरांना सांगितले नाही, मला सांगितले नाही. जिल्ह्याच्या शर्यतीत ती धावली, दुसरी आली आणि संध्याकाळपर्यंत गुडघा असा सुजला की वाटी कुठे आहे ते दिसेना. मी रागावून विचारले, "अगं, बोलली का नाहीस?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगितलं होतं ना, सतरा दिवसांचं?"

मला उत्तर सुचले नाही. डॉक्टर म्हणाले की वेळीच थांबली असती तर महिन्याभरात धावू लागली असती. आता वर्ष जाईल. ते वर्ष गेले. मला वाईट वाटले. पण दुसऱ्याच्या गुडघ्यावरून माणूस शहाणा होत नाही. गोष्ट मी सांगतच राहिले आणि माझा स्वतःचा गुडघा बोलू लागला तेव्हा तीच गोष्ट मी स्वतःलाही सांगितली.

रांगोळीच्या त्या पहाटेनंतर मात्र सक्तीची विश्रांती आली. पुण्याच्या भाच्याने धावण्याविषयीची काही पुस्तके आणि जुने लेख आणून दिले. माझे इंग्रजी दहावीपुरते, म्हणजे आमच्या आजोबांच्या भाषेत मॅट्रिकपुरते. पण शब्दकोश उशाशी होता आणि वेळ भरपूर होता. मी ती गोष्ट पहिल्यापासून वाचली. आणि माझ्या लक्षात आले की सतरा दिवसांच्या मागे आणि पुढे केवढा तरी इतिहास उभा आहे. तोच आता न कापता सांगते.

मुळात १९८४ ची शर्यत एवढी मोलाची का होती? कारण तिथपर्यंत पोहोचायला बायकांना छप्पन वर्षे लागली होती. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा आठशे मीटर धावल्या. जर्मनीची लिना राडके जिंकली. अंतिम शर्यतीत नऊजणी धावल्या आणि नऊच्या नऊ शेवटपर्यंत पोहोचल्या. शर्यत संपल्यावर काहीजणी दमून गवतावर बसल्या, आडव्या झाल्या. पुरुष धावपटूही होतात. पण वर्तमानपत्रांनी याचे असे काही चित्र रंगवले की जणू रणांगणावर प्रेते पडली आहेत. बाईचे शरीर एवढा पल्ला सोसणार नाही, असा निष्कर्ष काढला गेला आणि बायकांची आठशे मीटरची शर्यत ऑलिंपिकमधून गेली ती १९६० सालच्या रोमपर्यंत परत आली नाही. पंधराशे मीटर मिळायला १९७२ उजाडले.

मॅरेथॉन तर दूरच राहिली. २६ मैल ३८५ यार्डांचा हा पल्ला. बॉस्टन शहरात ही शर्यत १८९७ पासून होते. १९६६ साली रॉबर्टा गिब नावाच्या तरुणीने प्रवेश मागितला तेव्हा तिला नकार मिळाला. ती आरंभरेषेजवळच्या झुडपात लपून बसली आणि शर्यत सुटताच पुरुषांच्या घोळक्यात मिसळून पूर्ण पल्ला धावली. पुढच्या वर्षी कॅथरिन स्वित्झरने नावाची नुसती आद्याक्षरे लिहून क्रमांक मिळवला. वाटेत एका अधिकाऱ्याने तिच्या अंगावरचा क्रमांक ओरबाडून घेण्याचा प्रयत्न केला. त्या प्रसंगाची छायाचित्रे जगभर गेली. बॉस्टनने बायकांना रीतसर प्रवेश दिला तो १९७२ साली आणि ऑलिंपिकच्या धुरीणांनी बायकांची मॅरेथॉन मान्य केली ती १९८१ साली. म्हणजे १९८४ च्या त्या शर्यतीत जी उभी राहणार होती, तिच्या मागे झुडपात लपलेल्या आणि अडवल्या गेलेल्या सगळ्याजणी उभ्या होत्या.

जोन बेनॉइट अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातली. जन्म १९५७ चा. लहानपणी तिला बर्फावरून घसरत जाण्याच्या शर्यतींचा नाद. त्यात तिचा पाय मोडला. पाय पुन्हा बळकट व्हावा म्हणून ती धावू लागली. हे वाचून मी क्षणभर पुस्तक मिटले. या मुलीचे धावणे मुळात जन्मलेच होते दुखण्यातून बरे होण्यासाठी! मी मात्र तिला दुखण्याला न जुमानणारी म्हणून रंगवत होते.

१९७९ साली, कॉलेजात शिकत असतानाच, तिने बॉस्टनची शर्यत २ तास ३५ मिनिटे १५ सेकंदांत जिंकली. १९८१ साली तिच्या दोन्ही टाचांमागच्या शिरांवर शस्त्रक्रिया झाली. त्यातून ती उठली आणि एप्रिल १९८३ मध्ये पुन्हा बॉस्टनला आली. आदल्याच दिवशी नॉर्वेच्या ग्रेट वाइट्झने लंडनमध्ये २ तास २५ मिनिटे २९ सेकंदांची वेळ नोंदवून तेव्हाच्या जागतिक उच्चांकाची बरोबरी केली होती. जोनने ती २ तास २२ मिनिटे ४३ सेकंदांवर आणली. जगात तिच्याइतकी जलद बाई दुसरी नव्हती.

पण अमेरिकेतली निवडीची पद्धत मोठी निष्ठुर. एकच शर्यत, एकच दिवस; पहिल्या तिघी जातील, बाकीच्या घरी. कालचा उच्चांक तेथे चालत नाही. आणि नेमक्या त्याच वर्षी, मार्चच्या मध्यास, वीस मैलांच्या नेहमीच्या सरावात तिचा उजवा गुडघा अडला. गुडघ्यात इंजेक्शने झाली. काही दिवस बरे वाटे, ती पुन्हा धावायला लागे आणि दुखणे पुन्हा येई. शेवटी ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, ऑरेगन राज्यातल्या युजीन गावी, डॉ. स्टॅन जेम्स यांच्याकडे गेली. धावणाऱ्यांच्या पायांचा जाणकार म्हणून त्यांची ख्याती. या डॉक्टरांनी लगेच सुरी उचलली नाही. आधी औषध आणि काही दिवस पूर्ण विश्रांती. विश्रांतीनंतर ती धावायला गेली आणि गुडघा पुन्हा अडला. तेव्हा कुठे २५ एप्रिलला शस्त्रक्रिया झाली. मी वर्गात ज्या सतरा दिवसांपासून गोष्ट सुरू करत असे, त्यांच्या आधी असे सहा आठवडे होते: थांबण्याचे, वाट पाहण्याचे, रडण्याचे.

त्या गुडघ्यात निघाले तरी काय? तेथे तंतुमय झालेली, सुजलेली एक घडी होती. तिला प्लायका म्हणतात. गुडघ्याच्या पोकळीला आतून एक तलम अस्तर असते. आईच्या पोटात असताना या पोकळीत पडदे असतात आणि मूल वाढते तसे ते विरून जातात, असे मानले जाते. कित्येकांच्या गुडघ्यात त्यांची एखादी घडी उरते आणि जन्मभर काही त्रासही देत नाही. पण हजारो मैल धावणाऱ्या पायात ती घासली जाऊन जाड होऊ शकते आणि मग दारात चिंधी अडकावी तशी सांध्यात अडकते. जगातल्या सर्वांत जलद बाईला अडवले ते या एवढ्याशा चिंधीने.

आणि ती चिंधी काढली कशी? गुडघा न फाडता, बारीक छिद्रातून नळी घालून; आपण 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणतो तसे. गुडघा उघडून शस्त्रक्रिया झाली असती तर सतरा दिवसांनी धावण्याचा प्रश्नच नव्हता. या नळीची कथा मला सर्वांत आवडली, कारण ती आपल्यासारख्या जमिनीवर बसणाऱ्या माणसांतून निघाली आहे.

टोकियोत केन्जी ताकागी नावाचे डॉक्टर होते. त्या काळी क्षयरोग गुडघ्यातही शिरे आणि सांधा कायमचा ताठ करून टाकी. खुर्चीवर बसणाऱ्या देशात ताठ गुडघा ही अडचण. पण जपानमध्ये घरात, जेवताना, पाहुण्यांसमोर गुडघे मुडपून जमिनीवर बसायचे. तेथे ताठ गुडघ्याच्या माणसाला पंगतीतून उठवल्यासारखेच होई. रोग लवकर ओळखायचा तर सांध्याच्या आत डोकावले पाहिजे, असे ताकागींच्या मनाने घेतले. १९१८ साली त्यांनी मूत्राशयात पाहण्याची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. पुढे त्यांनी खास गुडघ्यासाठी नळ्या बनवल्या. पहिली ७.३ मिलिमीटर जाड होती. १९३१ पर्यंत ती ३.५ मिलिमीटरवर आली. जाडी निम्म्याहून कमी! त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी महायुद्धानंतर हेच काम पुढे नेले. एकामागून एक नळ्या घडवत, नापसंत करत, ते एकविसाव्या क्रमांकापर्यंत आले. 'क्रमांक २१' हीच जगात नावाजली. १९६२ साली वातानाबे यांनी नळीतून पाहत गुडघ्यातल्या कूर्चेच्या फाटक्या गादीचा तुकडा काढून दाखवला. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झाले, त्या वर्षी कॅनडाचे तरुण डॉक्टर रॉबर्ट जॅक्सन तेथे होते. ते वातानाबे यांच्याकडे ही विद्या शिकले आणि टोरांटोला घेऊन गेले. तेथून ती अमेरिकेत रुजली.

१९१८ ते १९८४. जोनच्या सतरा दिवसांमागे अशी सहासष्ट वर्षे उभी आहेत. ती कोणाच्या जिद्दीची म्हणायची? मला तर ती धीराची वाटतात.

आता ते सतरा दिवस. गुडघा मोकळा झाला होता; पण पाय लगेच चालवायचा नव्हता. तेव्हा हातांनी पेडल फिरवून तिने छातीचा दम राखला. चार-पाच दिवसांत ती धावू लागली आणि येथे तिने चूक केली. वेळ कमी, मन अधीर. दुखऱ्या गुडघ्याला सांभाळताना दुसऱ्या पायावर भार गेला आणि त्या पायाच्या मांडीमागचा स्नायू दुखावला. म्हणजे जिद्दीने गुडघा बरा केला नाही. उलट घाईने चांगला पायही हातचा जायची वेळ आली. पुन्हा उपचार, विजेच्या सौम्य प्रवाहाचे शेक, पुन्हा थांबणे. १२ मे रोजी ऑलिंपिया नावाच्या गावी ती आरंभरेषेवर उभी राहिली ती अशी, दोन्ही पायांविषयी साशंक. शेवटच्या काही मैलांत तिचा वेग मंदावला. तरी २ तास ३१ मिनिटे ४ सेकंदांत ती पहिली आली. दुसरी ३७ सेकंदांनी मागे होती.

लॉस एंजेलिसचे १९८४ चे ऑलिंपिक आपल्याला आठवते ते उषामुळे. ८ ऑगस्टला चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले आणि घराघरांत हळहळ झाली. त्याच्या तीनच दिवस आधी, ५ ऑगस्टच्या सकाळी, पन्नास बायका मॅरेथॉनला निघाल्या होत्या. तीनेक मैलांवर जोन घोळक्यातून सुटून एकटीच पुढे गेली. मागच्यांना वाटले, ही उन्हात दमेल, परत हाती लागेल. वाइट्झ होती, पोर्तुगालची रोझा मोटा होती, नॉर्वेची क्रिस्टियान्सेन होती. पण ती हाती लागली नाही. रिकाम्या हमरस्त्यावरून डोक्यावर पांढरी टोपी घातलेली ती लहानखुरी मूर्ती एकटी धावत राहिली आणि २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांनी स्टेडियममध्ये पोहोचली. वाइट्झ जवळजवळ दीड मिनिटाने मागून आली. बायकांना हा पल्ला झेपतो की नाही, या वादावर त्या सकाळी पडदा पडला.

हे सारे वाचून झाल्यावर मी बराच वेळ छताकडे पाहत पडले. जोन जिंकली हे खरे. तिने धोका पत्करला हेही खरे. पण तसाच धोका पत्करून ज्या हरल्या, ज्यांचा गुडघा कायमचा गेला, त्यांची गोष्ट कोणी शाळेत सांगत नाही. त्यामुळे मुलांना वाटते की धोका पत्करला की सोने मिळतेच. दुखण्यावर मात करणे म्हणजे दुखणे ऐकू न येणे, असा धडा मी शिकवत होते. जोनचा धडा वेगळा आहे. तिने दुखणे ऐकले, उशिरा का होईना, थांबली, जाणत्या माणसाकडे गेली, त्याने थांब म्हटल्यावर पुन्हा थांबली, आणि जेथे ती थांबली नाही, तेथे तिला दंड बसला. १९८५ साली शिकागोत तिने २ तास २१ मिनिटे २१ सेकंदांची वेळ नोंदवली. २००८ साली, पन्नाशीत, ती अमेरिकेची निवड-शर्यत २ तास ४९ मिनिटे ८ सेकंदांत धावली. आणि २०१९ साली, आपल्या पहिल्या विजयाला चाळीस वर्षे झाली म्हणून एकसष्टाव्या वर्षी पुन्हा बॉस्टन धावली तेव्हा तिने ३ तास ४ मिनिटे घेतली. चाळीस वर्षांत अर्ध्या तासाचाही फरक नाही! गुडघ्याशी भांडून एवढी वर्षे धावता येत नाही. त्याच्याशी संसार करावा लागतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे वाचून कोणी उठेल आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनला धावेल. नळी हे साधन आहे, जादू नव्हे. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथील डॉक्टरांनी झिजलेल्या गुडघ्यांच्या एकशे ऐंशी रोग्यांवर एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. काहींच्या गुडघ्याची नळीतून साफसफाई केली, काहींचा गुडघा नुसता धुतला आणि काहींना केवळ कातडीवर छेद देऊन शस्त्रक्रियेचा देखावा केला. दोन वर्षांनी तिन्ही गटांत काही फरक दिसला नाही. अडकलेली चिंधी नळीने निघते. वयाची झीज निघत नाही. वाटीमागे कूर्चेचा जो गुळगुळीत थर असतो, त्यात रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून त्याची डागडुजी फार सावकाश होते. त्याला घाई चालत नाही.

माझ्या गुडघ्याला शस्त्रक्रिया लागली नाही. लागला तो कंटाळवाणा भागच. व्यायामोपचार करणारी एक मुलगी भेटली. तिने माझी मांडी चाचपून सांगितले, "तुमचा गुडघा नाही हो अशक्त, त्याच्या वरचे आणि कमरेचे स्नायू अशक्त आहेत. बिचारा गुडघा दोघांच्या भांडणात मार खातोय." मग रोज भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसायचे, पाय सरळ करून उचलायचा, एका पायरीवर चढायचे नि सावकाश उतरायचे. घाट बंद. सासूबाई समोर जपमाळ घेऊन बसत आणि जप सोडून माझे आकडे मोजत. "बारा झाले, पंधरा सांगितलेत तिने," असे त्या ठणकावत तेव्हा माझी पळवाट बंद होई. तीन महिन्यांनी एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे. सपाट मैदानावर, म्हाताऱ्या आजोबांच्या मागून. दुसऱ्या दिवशी दुखले तर एक पाऊल मागे. आठव्या महिन्यात मी सलग अर्धा तास धावले. फळ्यावर लिहावे असे त्यात काही नव्हते.

श्रावणात मी त्या मुलीच्या वाडीवर गेले. ती आता बारावीत आहे. वर्ष वाया गेल्यावर ती पुन्हा धावू लागली. पूर्वीचा वेग अजून आलेला नाही. तिच्या खोलीत भिंतीवर ललिता बाबरचे चित्र लावलेले. आमच्याच जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता २०१६ साली रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. उषानंतर बत्तीस वर्षांनी भारताची एक बाई ऑलिंपिकच्या धावमार्गावर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत उभी राहिली होती. त्या चित्राखाली बसून मी तिला सगळी गोष्ट सांगितली, झुडपात लपलेल्या गिबपासून टोकियोच्या नळीपर्यंत. शेवटी म्हणाले, "तुला मी अर्धी गोष्ट सांगितली होती. चूक माझी. तुझं एक वर्ष गेलं."

ती चहाच्या कपाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "बाई, एवढी लांब गोष्ट पोरं ऐकतील का?"

"नाही ऐकली तर?"

"ऐकवा. मी येऊन बसते मागच्या बाकावर. गुडघा दाखवायला."

यंदा क्रीडास्पर्धांच्या आधीच्या आठवड्यात तिने शब्द पाळला. गोष्ट एका तासात संपली नाही, दुसरा तास मागून घ्यावा लागला. टाळ्या पूर्वीइतक्या पडल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत सातवीतली एक मुलगी माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझी टाच दुखतेय कधीपासून." मला वाटते, टाळ्यांपेक्षा हे बरे.

आणि रांगोळी? परवाच उकिडवी बसून पाहिले. बसता येते, फार वेळ नाही. तेव्हा यंदा एकवीस ठिपक्यांची न घालता अकरांची घालायची ठरवली आहे. सासूबाईंनी एक ठेंगणा पाट काढून ठेवला आहे आणि बजावले आहे, "मी पुरे म्हटलं की उठायचं." मी हो म्हटले आहे.